आरोग्याचा इस्तावा



नववर्ष आणि आरोग्य या विषयावर बोलण्यासाठी या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला पाडव्याच्या आठवड्यातील तारीख न देता वैशाख लागल्यानंतरची तारीख दिली, यात त्यांची काही खोल योजना असेल असे मला वाटत नाही; आधीच्या तारखा माझ्याहून मान्यवर वक्त्यांकडे गेल्या असतील, एवढेच. परंतु झाले ते विषयाच्या हिताचेच झाले. कडुनिंबाची कोवळी पालवी, ओवा, हिंग, मीठ आणि गूळ एकत्र वाटून केलेली ती चिमूटभर चटणी जिभेवर असताना गृहस्थाच्या अंगी जो निश्चय संचारतो, तो दुपारच्या श्रीखंडापर्यंत टिको वा न टिको, त्या घटकेला त्याला कोणाच्या उपदेशाची गरज वाटत नाही. आज महिना लोटला आहे आणि नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले आहेत. पहाटे उठून टेकडी चढण्याचा, साखर सोडण्याचा, रात्रीचे जेवण वर्ज्य करण्याचा जो संकल्प ज्याने केला असेल, त्याची काय वासलात लागली हे ज्याचे त्याला कळून चुकले आहे. आणि ज्यांनी हाच संकल्प १ जानेवारीलाही सोडला होता त्यांना तर ते एकाच वर्षात दोनदा कळले आहे. अशा श्रोत्यांपुढे बोलणे मला अधिक मानवते.

मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. माझी सारी हयात महसूल खात्यात, जमाबंदीचे तक्ते आणि थकबाकीच्या याद्या यांच्या सहवासात गेली, आणि वैद्यकाचे जे थोडे वाचन घडले ते हौसेखातर घडले. तेव्हा औषधांविषयी आणि पथ्यांविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. शरीराकडून एखादी नवी गोष्ट वसूल करावयाची असेल तर ती किती, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावी, एवढ्याच मुद्द्यापुरते मला बोलावयाचे आहे. आणि वसुलीच्या बाबतीत आमच्या खात्याचे जुने दफ्तर पुष्कळ शहाणे आहे.

मराठेशाहीच्या कारभारात पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाला इस्ताव्याचा कौल देत असत. त्याची रीत अशी की पहिल्या वर्षी सारा नाममात्र घ्यावा, दुसऱ्या वर्षी किंचित वाढवावा, आणि असे करीत करीत ठरलेल्या मुदतीअखेर तो पुऱ्या दरावर आणून सोडावा. यात सरकारचा निव्वळ दयाळूपणा होता असे समजण्याचे कारण नाही. पडीक रान मोडताना पहिली वर्षे झुडपे खणण्यात, बांध घालण्यात आणि बैल पोसण्यात जातात, पीक बेताचेच हाती येते, आणि अशा वेळी पुऱ्या साऱ्याचा तगादा लावला तर कूळ परागंदा होऊन जमीन पुन्हा पडते, हे त्या कारभाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. याच्या उलट दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत, जो अधिक रक्कम कबूल करील त्याला मामलत मक्त्याने देण्याचा प्रघात पडला, आणि मक्तेदाराला आपल्या मुदतीपलीकडचे काही पाहावयाचे नसल्यामुळे त्याने रयतेला पिळून काढले. पुढे इंग्रजी अंमलाच्या आरंभी प्रिंगल नावाच्या अंमलदाराने पुणे जिल्ह्यात पाहणी करून साऱ्याचा जो आकार बसवला तो कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध होता. फक्त तो जमिनीला पेलत नव्हता. इंदापुराकडची रयत जमिनी टाकून गेली, आणि १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी आकार उतरवून तो ३० वर्षांसाठी कायम केला, तेव्हा कोठे त्या मुलखात नांगर पुन्हा चालू लागले.

पाडव्याचा संकल्प करणारा गृहस्थ आपल्या देहाशी बहुधा मक्तेदाराप्रमाणे वागतो. वीस वर्षे जे शरीर खुर्चीवर पडीक राहिले, त्याच्याकडून तो पहिल्याच पंधरवड्यात पुरा सारा मागतो: पहाटे पाचला उठणे, तासभर धावणे, शंभर नमस्कार, साखर बंद, तेल बंद, भात बंद. आठ दिवस शरीर निमूटपणे भरणा करते, आणि नवव्या दिवशी परागंदा होते. मग गृहस्थ आपल्या इच्छाशक्तीला दोष देतो. माझ्या मते इच्छाशक्ती त्यात बिचारी निर्दोष असते. दोष आकारणीचा असतो.

हा न्याय आमच्याच खात्याने शोधून काढला असे मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, मलमूत्रादी वेगांचे धारण करू नये असे सांगणारा जो सातवा अध्याय आहे, त्यात अंगवळणी पडलेल्या अहितकर गोष्टी कशा सोडाव्यात आणि हितकर गोष्टी कशा अंगीकाराव्यात याचा क्रम दिला आहे, आणि तो क्रम पादांशाचा, म्हणजे चतुर्थांशाचा आहे. जुन्या सवयीचा एक पाव काढून त्या जागी नव्या सवयीचा एक पाव घालावा, मग थांबावे, मग दुसरा पाव, आणि दोन पायऱ्यांमधील अंतर पुढे पुढे वाढवीत न्यावे. दिवसांची नेमकी मोजणी टीकाकार वेगवेगळी करतात, पण मूळ अभिप्राय सर्वांना मान्य आहे. आणि ग्रंथकार लगेच त्याचे फळही सांगतो, की क्रमाने घटविलेले दोष परत उद्भवत नाहीत आणि क्रमाने वाढविलेले गुण हलविता येत नाहीत. वाग्भटाने अष्टांगहृदयात हीच गोष्ट ऋतूंना लावली आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस हा त्याच्या मते ऋतुसंधी, आणि त्या अवधीत जुना आहारविहार हळूहळू सोडून नवा हळूहळू धरावा. एकाएकी केलेला त्याग आणि एकाएकी केलेला स्वीकार, दोन्ही रोग उत्पन्न करतात. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत या आपल्या नेहमीच्या गणनेने पाहिले तर पाडवा बरोबर शिशिर आणि वसंत यांच्या सांध्यावर येतो. म्हणजे ज्या दिवशी आपण धडाक्याने सर्व काही बदलून टाकण्याच्या आणाभाका घेतो, नेमक्या त्याच दिवसांत काहीही धडाक्याने बदलू नये असे आपले वैद्यक सांगत आले आहे.

पादांशाचा हा क्रम एका घरात कसा चालला ते मला माहीत आहे. आमच्या कचेरीत एक अव्वल कारकून होते. साखर सोडण्याचा त्यांचा संकल्प दरवर्षी पाडव्याला होई, पहिले चार दिवस ते कोरा चहा पिऊन सर्वांवर चिडचिड करीत, आणि हनुमान जयंतीच्या आत त्यांच्या टेबलावरचा पेला पूर्ववत गोड होऊन जाई. एके वर्षी त्यांनी कंटाळून संकल्पच केला नाही. त्या वर्षी वहिनींनी, कोणाला एक अक्षर न सांगता, काम हाती घेतले. त्यांच्या घरी चहात साखर दोन चमचे पडे, आणि चमचा शिगेचा असे. वहिनींनी प्रथम शीग उतरवली, म्हणजे चमचा डब्याच्या काठावर सपाट करून घालू लागल्या, आणि आषाढापर्यंत तेवढ्यावरच थांबल्या. मग दुसरा चमचा अर्धा झाला. गणपती होऊन गेले. दसऱ्याच्या आसपास तो अर्धाही गेला. दिवाळीत हे गृहस्थ भाऊबीजेला बहिणीकडे गेले, तेथे चहाचा पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवून म्हणाले, "अगं, हा चहा आहे की पाक?" बहीण म्हणाली, "दादा, तुझ्याच मापाचा केलाय." वहिनी त्या वेळी फराळाचे ताट आवरण्यात फार गुंतलेल्या होत्या असे ऐकतो.

जिभेचा हा स्वभाव साखरेपुरता नाही. मिठाचेही तसेच आहे. ते हळूहळू उतरवीत नेले तर काही आठवड्यांत जीभ नव्या मापाला सरावते आणि जुने माप तिला खारट लागू लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात भाजीतले, आमटीतले, लोणच्यातले, पापडातले आणि फरसाणातले मीठ सारे आले. हा आकडा ऐकून उद्यापासून आळणी जेवू लागणाऱ्या माणसाची मला काळजी वाटते. पंगतीत वाढलेले पानावरचे मीठ आणि जेवणातला रोजचा पापड एवढ्यावरून ज्याने आरंभ केला त्याची वाटत नाही.

आता व्यायाम. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे वाग्भट सांगतो, तेही बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने, थंडीत आणि वसंतात. इतरांनी व इतर ऋतूंत त्याहूनही कमी. अर्धी शक्ती संपली हे ओळखावे कसे, याचे उत्तर सुश्रुताने दिले आहे: हृदयातील वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे नाकाचा श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावे लागले, की समजावे अर्धे झाले. आजचे डॉक्टर चालणाऱ्यांना सांगतात की बरोबरच्या माणसाशी बोलता येईल परंतु गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालावे. दोन्ही कसोट्यांत अंतर फारसे नाही, आणि दोहोंनाही मनगटावर काही बांधावे लागत नाही. अतिरेक करणाऱ्याला वाग्भट हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा देतो, कारण हत्ती ओढला जातो पण सिंह त्यात मरतो. त्या अतिरेकाच्या यादीत त्याने व्यायाम, जागरण, वाटचाल यांच्याबरोबर भाषणही घातले आहे, हे चालकांनी घड्याळाकडे पाहिले तेव्हा मला आठवले.

जोरकस आरंभाने जे नुकसान होते त्याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. नवशिक्याचा दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायू त्यामागून भरतात, परंतु स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडे यांना बळकट होण्यास महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाला वाटते की आता आपल्याला जमले, दम लागत नाही, तेव्हा वेग वाढवावा. आणि त्याच सुमारास गुडघा किंवा टाच बोलू लागते. तालमीतले जुने वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी मोजक्या बैठका काढावयास लावून घरी पाठवीत, दुसऱ्या दिवशी त्याचे अंग आंबलेले असतानाही पुन्हा बोलावीत आणि तेवढ्याच काढून घेत, यात त्यांनी शरीरशास्त्र वाचलेले नसले तरी पोरे पाहिलेली होती. आपल्याकडे व्यायामाचा विषय निघाला की लोकमान्यांचे उदाहरण हटकून येते: डेक्कन कॉलेजात गेल्यावर प्रकृती सुधारण्यासाठी त्यांनी पहिले वर्ष व्यायामाला वाहिले आणि परीक्षेवर पाणी सोडले. या गोष्टीतील निश्चयाचे आपण कौतुक करतो, पण त्यातील मुदतीकडे कोणी पाहत नाही. टिळकांच्या प्रकृतीच्या माणसाने प्रकृतीसाठी स्वतःला एक सबंध वर्ष दिले. आपण पंधरा दिवस देतो.

व्यायाम म्हणजे निराळी वेळ, निराळे कपडे आणि निराळी फी हा समज अलीकडे दृढ झाला आहे. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टराने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा तिकिटे देत जिन्यावर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर तो सौम्य असतो, असे दिसून आले. हे कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढत, आणि त्यांतल्या कोणीही नववर्षाचा संकल्प केलेला नव्हता. तिकिटाचे पैसे वसूल करावयाचे म्हणून ते चढत. मॉरिसचा प्रामाणिकपणा असा की पुढे त्यानेच या नोकरांच्या गणवेशांची मापे काढून पाहिली आणि ड्रायव्हरांच्या कंबरा कंडक्टरांपेक्षा आधीपासूनच मोठ्या असत हेही जाहीर केले. तेव्हा सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. तरीही चालण्या-चढण्याचा हृदयाला उपयोग होतो ही गोष्ट त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी पक्की झाली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांची शिफारस करताना, पूर्वी घातलेली किमान सलग दहा मिनिटांची अट काढून टाकली. जिना चढण्याची दोन मिनिटेही आता हिशेबात जमा होतात.

रोज दहा हजार पावलांचा जो दंडक सध्या घराघरांत चालतो आणि ज्याच्या पूर्ततेसाठी सभ्य गृहस्थ रात्री साडेदहाला दिवाणखान्यात येरझारा घालताना दिसतात, त्याचे मूळ कोणत्याही वैद्यकीय सभेत नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नावच दहा हजार पावलांचे मापक असे ठेवले. २०१९ साली अमेरिकेत सुमारे १७ हजार वृद्ध स्त्रियांच्या पावलांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सरासरी २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे अधिक चालण्याने आणखी लाभ दिसला नाही. ज्याचे चालणे आज दोन हजारांत आहे त्याला पहिल्या हजाराने जे मिळते ते दहाव्या हजाराने मिळणार नाही. पडीक रानाला पहिल्या नांगराने जेवढा फरक पडतो तेवढा दहाव्याने पडत नाही, तसेच हे.

वजन हा या विषयातील सर्वांत दुष्ट अंमलदार. संकल्पाची झडती घ्यावयाची ती वजनकाट्यावर, हा आपला शिरस्ता होऊन बसला आहे, आणि काटा हलेना म्हणजे गृहस्थ आकार वाढवतो, म्हणजे जेवणच सोडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा कसे पोसावे हे ठरविण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज याने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. परंतु त्याबरोबर आणखी काय झाले ते विचार करण्याजोगे आहे: या तरुणांना अन्नावाचून दुसरा विषय सुचेनासा झाला, कित्येक जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, आणि पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही त्यांच्यांतल्या अनेकांची भूक कित्येक महिने भागेना. ही सर्व निर्धाराची माणसे होती, युद्धात शस्त्र धरणार नाही म्हणून सरकारशी वाकडे घेतलेली. उपासमारीने त्यांचे जे केले ते पाडव्याच्या निश्चयाचे करणार नाही असे मानण्यास आधार नाही.

आणि काटा तरी काय सांगतो? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांतील मधुमेहाचा जन्मभर अभ्यास केला आहे. २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी उभे असलेले एक छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हडकुळे दिसणारे आपले शरीर आतून स्थूल असू शकते, हे त्या एका चित्राने जेवढे पटते तेवढे पानेच्या पाने वाचून पटत नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पाचशेहून अधिक लोकांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच विशेष सांगितले नव्हते त्यांच्यांतील ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालण्यास आणि साखर, तेल, शुद्ध पीठ यांवर हात आखडता घेण्यास सांगितले होते त्यांच्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. आणि या दुसऱ्या गटाचे वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते! काट्यावर भरवसा ठेवला असता तर या माणसांनी वर्षभरात निराश होऊन चालणे सोडून दिले असते.

येथे मला एक गाऱ्हाणे मांडावयाचे आहे. आरोग्यावरील आपली बहुतेक व्याख्याने, माझेही आतापर्यंतचे, अशा माणसाला उद्देशून असतात ज्याला सकाळचा तास मोकळा सापडतो. आणि आपल्या घरांत तो तास ज्याला सापडतो तो सहसा पुरुष असतो. तो टेकडीवरून घामाघूम होऊन परततो तेव्हा त्याच्या पथ्याची निराळी भाकरी, निराळी बिनतेलाची भाजी आणि मोड आलेली मटकी करून ठेवण्यासाठी घरातली बाई त्याच्याही आधी उठलेली असते, आणि सर्वांची पाने झाल्यावर उरलेले, बहुधा गार झालेले आणि कधी कालचे, ती खाते. एका माणसाच्या आरोग्याचा भार दुसऱ्याच्या आरोग्यावर टाकून केलेली ही सुधारणा मला मान्य नाही. ज्याला संकल्प करावयाचा असेल त्याने पहिला संकल्प घरातली सर्व माणसे रात्री एकदम जेवायला बसतील असा करावा, आणि आठवड्यातून दोन-तीन सकाळी चहा-डबा स्वतःकडे घेऊन तो तास बायकोला द्यावा. दुसरे असे, की घराच्या आहाराची सुधारणा ताटात होत नाही, ती वाण्याच्या यादीत होते. महिन्याला पाच किलो तेल येत असेल तर ते एकदम दोनवर आणू नये. पुढच्या महिन्याच्या यादीत साडेचार लिहावे, आणि भाजी कोणती, फोडणी केवढी याची चर्चा जेवताना करू नये. डब्यात जे नसते ते कढईत पडत नाही, आणि जेवताना कुरकुर होत नाही हा लाभ वेगळा.

खाड्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक संकल्प खाड्याने मरतात. एक दिवस चालणे चुकले, एका लग्नात जिलेबीची पंगत उठली, की "मोडलाच आहे तर आता पुढच्या पाडव्याला बघू" असे मन म्हणते. व्रत मोडले म्हणजे पाप लागते ही जी समजूत आपल्या रक्तात आहे ती येथे फार घात करते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांना प्रत्येकी एकच लहानशी सवय निवडावयास सांगितले, कोणी दुपारच्या जेवणाबरोबर पेलाभर पाणी पिण्याची, कोणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावण्याची. आणि ती आपोआप घडू लागण्यास किती दिवस लागतात ते मोजले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाप्रमाणे मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला, परंतु त्याच्या दोन्ही अंगांना अंतर केवढे: कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या क्रमात म्हणण्यासारखी बाधा येत नाही, असेही त्यांना आढळले. एका वर्षाची तूट पुढच्या वर्षी वसूल करण्याची सोय प्रत्येक शहाण्या कारभारात असते. फक्त चुकलेला भरणा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नये. आज राहिलेले पन्नास नमस्कार उद्याच्या पन्नासांत मिळवून शंभर घालणारा माणूस परवा अंथरुणातून उठत नाही.

पाडव्याऐवजी दुसरा मुहूर्त सुचवा असे कोणी म्हटले तर मी चातुर्मासाकडे बोट दाखवीन. आपल्या आज्या कांदेनवमीला कांद्याची भजी, वांग्याचे भरीत असे सगळे यथेच्छ करून खात आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगे यांना रजा देत. या नेमाची धार्मिक बाजू ज्याने त्याने पाहावी. मला त्यातील कारभाराची बाजू मोहवते. नेम एकच असे, तो लहान असे, त्याला आरंभ होता तसा शेवटही होता, शेजारच्या चार घरांत तोच चाललेला असे, आणि चार महिन्यांनी तो सुटला तरी कोणी त्याला पराभव म्हणत नसे. जन्मभरासाठी काही सोडावयाचे म्हटले की मन बिथरते. कार्तिकीपर्यंत म्हटले की ते कबूल होते. आज वैशाखाचा आरंभ आहे, आणि मध्ये अधिक मास नसेल तर आषाढी एकादशीला सुमारे सत्तर दिवस आहेत. तेवढ्या मुदतीसाठी आपल्यापैकी प्रत्येकाने एकच गोष्ट घ्यावी, आणि ती इतकी लहान घ्यावी की ती शेजाऱ्याला सांगण्याची लाज वाटावी: बसथांबा एक आधी सोडून चालत येणे, चहाच्या चमच्याची शीग उतरवणे, रात्री अंथरुणावर पडल्यावर हातातला फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणे. आषाढीला ती अंगवळणी पडली असेल तर चातुर्मासासाठी तिच्यावर एक पाव चढवावा. पडली नसेल तर तीच पुढे चालवावी, किंवा ती आपल्या जमिनीची नव्हे असे समजून दुसरी धरावी.

दोन सूचना निकडीच्या आहेत. ज्यांना मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी चालणे वाढवताना अथवा जेवण कमी करताना आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे, कारण औषध तेच राहिले आणि खाणे घटले तर साखर एकाएकी उतरून घेरी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि चालताना ज्यांच्या छातीत कधी जडपणा वाटला असेल त्यांनीही तसेच करावे. आणि हा वैशाख आहे. या ऋतूत चालावयाचे ते सूर्य वर येण्यापूर्वी किंवा तो पुरता मावळल्यावर, बरोबर पाणी घेऊन. आणि एखाद्या सकाळी उकाड्याने जीव नकोसा झाला असेल तर खुशाल खाडा करावा.